पेढे वाटण्याआधी दुसरं पान वाचा: विद्यापीठातली असिस्टंटशिप कशी मिळते, कशी चालते

गेल्या शिगम्यात आमच्या वाड्यावर पेढे आले. शेजारच्या मुलाला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची 'स्कॉलरशिप' लागली, असं त्याच्या बाबांनी दारातूनच सांगितलं. संध्याकाळी मुलगा स्वतः पत्र घेऊन आला. "ताई, एकदा नजर टाकशील?" दोन पानांचं पत्र. पहिल्या पानावर अभिनंदन, दुसऱ्यावर खरं काय ते: ग्रॅज्युएट असिस्टंट, ०.२५ एफटीई, नऊ महिने, ट्यूशनमध्ये, म्हणजे शिकवण्याच्या मूळ शुल्कात, पन्नास टक्के सूट. स्कॉलरशिप हा शब्द पत्रात कुठेच नव्हता.

मी अमेरिकेच्या मध्यपश्चिमेकडच्या एका सरकारी विद्यापीठातून रसायनशास्त्रात पीएच.डी. केली. पाच वर्षं असिस्टंटशिपवरच जगले. आता गोव्यात एका कॉलेजात शिकवते, आणि दरवर्षी दोन-तीन मुलं अशी पत्रं घेऊन येतात. सगळ्यांना मी पहिलं एकच सांगते: ही नोकरी आहे. तास ठरलेले, पगार ठरलेला, साहेब ठरलेला, मुदत ठरलेली. बक्षीस समजून पत्र वाचणारा आकडा बघतो, नोकरी समजून वाचणारा अटी बघतो. पुढचं सगळं या एका फरकाभोवती आहे.

आधी नावं समजून घ्या

टीचिंग असिस्टंट, म्हणजे टीए, हा पदवीच्या मुलांना शिकवायला मदत करतो. प्रयोगशाळा सांभाळणं, छोट्या गटाला उदाहरणं सोडवून दाखवणं, पेपर तपासणं, आठवड्यातून दोन-तीन तास ठरलेल्या जागी बसून मुलांच्या शंका सोडवणं. पगार विभाग देतो, विभागाकडे तो पैसा पदवीच्या वर्गांमुळे येतो. म्हणून गणित, रसायन, भौतिक, जीवशास्त्र, इंग्रजी अशा विभागांत टीएच्या जागा भरपूर असतात: पहिल्या वर्षाची हजारो मुलं या विषयांतून जातात.

रिसर्च असिस्टंट, म्हणजे आरए, हा एका प्राध्यापकाच्या प्रकल्पावर काम करतो आणि त्याचा पगार त्या प्राध्यापकाच्या ग्रँटमधून, म्हणजे संशोधनासाठी मिळालेल्या निधीतून, येतो. बहुतेक वेळा हेच काम पुढे स्वतःचा प्रबंध होतं, म्हणून आरए सगळ्यांना हवी असते. पण ग्रँट संपली की पगारही संपतो. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने संशोधनाच्या बऱ्याच ग्रँट थांबवल्या किंवा रद्द केल्या, तेव्हा काही विद्यापीठांनी त्या वर्षीचे पीएच.डी. प्रवेशच आखडते घेतले. टीए आणि आरए यांतला फरक तेव्हा अनेकांना पहिल्यांदा नीट कळला.

तिसरी जीए, म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंट: ग्रंथालय, वसतिगृह, परदेशी विद्यार्थ्यांचं कार्यालय, क्रीडा विभाग अशा ठिकाणचं काम. या जागा विभागाकडून नव्हे, त्या त्या कार्यालयाकडून भरल्या जातात आणि विद्यापीठाच्या नोकरीच्या पानावर निघतात. फेलोशिप ही या तिघांहून वेगळी, तिच्यात काम नसतं. खरी स्कॉलरशिप म्हणायची तर ती हीच.

कोणाला मिळते

पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की विज्ञान आणि इंजिनिअरिंगमध्ये असिस्टंटशिप बहुधा सोबतच येते. प्रवेशाचं पत्र आणि नोकरीचं पत्र एकाच लिफाफ्यात. एम.एस.चं तसं नाही. बरेच एम.एस. अभ्यासक्रम हे विद्यापीठाचं उत्पन्न असतं, तिथे मुलांकडून पैसे घ्यायचे असतात, द्यायचे नसतात. पणजीपासून मडगावपर्यंत कन्सल्टन्सीच्या पाट्यांखाली एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आधी जा, टीएशिप तिथे गेल्यावर मिळते." काहींना मिळते, हे खरं. पण तेवढ्या भरवशावर घरावर कर्ज काढू नका. विभागाच्या सचिवाला मेल करून सरळ विचारा: गेल्या वर्षी एम.एस.च्या किती मुलांना पहिल्याच सेमिस्टरपासून जागा मिळाली? उत्तर आलं तर आकडा कळेल. टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच आहे.

एम.एस.ला प्रबंधाचा पर्याय असेल तर शक्यता वाढते. रसायनात एम.एस.च्या मुलांनाही टीए मिळते, कॉम्प्युटर सायन्समध्ये रांग मोठी असते.

जायलाच हवं असंही नाही. आपल्याकडे हीच व्यवस्था वेगळ्या नावाने आहे. गेट देऊन आयआयटीत एम.टेक.ला गेलात तर महिन्याला १२,४०० रुपये मिळतात आणि त्या बदल्यात आठवड्याला सुमारे आठ तास विभागाचं काम करायचं असतं. ही टीएशिपच की. फर्मागुडीला आयआयटी आहे, दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला हेडलँड सडा इथे ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे. नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी फेलोशिप, असेल तर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. म्हापशाला आईच्या हातची शीतकडी जेवून ३७,००० घेणारा आणि परक्या गावात तीन जणांत एक खोली घेऊन १,८०० डॉलरवर राहणारा, यांत सुखी कोण, हे मी ठरवून देणार नाही.

वर्षभर आधीपासून

तिकडचं वर्ष ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होतं. हिशेब सोपा ठेवायचा असेल तर चवथ ते चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी ते गणेश चतुर्थी, धरा. एका चवथीला माटोळी बांधून झाली की याद्या करायला बसायचं, पुढची चवथ तुमच्याविना होईल हे घरी आत्ताच सांगून ठेवायचं.

सप्टेंबर-ऑक्टोबरात टोफेल किंवा आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा, आणि विभाग मागत असेल तर जीआरई ही प्रवेशाची परीक्षा. अनेक विभागांनी जीआरईची सक्ती काढली आहे, पण पैसे भरण्याआधी प्रत्येक विभागाचं पान उघडून बघा. अर्जाची शेवटची तारीख बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या १ ते १५ च्या दरम्यान असते. प्रवेशाची तारीख जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत लांबलेली असली तरी 'असिस्टंटशिपचा विचार व्हायचा असेल तर अमुक तारखेपर्यंत' अशी एक ओळ खाली बारीक अक्षरात असते. आपली तारीख ती.

टीए व्हायचं तर टोफेलच्या एकूण गुणांपेक्षा बोलण्याचे गुण जास्त मोलाचे. जुन्या पद्धतीत ३० पैकी २६ च्या आसपास मागणारी विद्यापीठं बरीच होती. जानेवारी २०२६ पासून टोफेलचे गुण १ ते ६ अशा पट्टीवर मिळतात, तेव्हा विभाग नव्या पट्टीवर किती मागतो ते पाहा. गुण कमी पडले तर गेल्यावर वेगळी तोंडी परीक्षा होते: फळ्यासमोर उभं राहून दहा मिनिटं एखादी संकल्पना शिकवायची, समोर दोन परीक्षक आणि एक-दोन विद्यार्थी. आपल्या मुलांचं इंग्रजी व्याकरणात क्वचित चुकतं. चुकतो तो वेग. आपण भराभर बोलतो, वाक्याच्या शेवटी आवाज खाली जातो. घरच्या व्हरांड्यात धाकट्या भावाला 'मोल' म्हणजे काय ते इंग्रजीत, सावकाश शिकवा आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐका. ऐकवत नाही, पण उपयोग होतो.

प्राध्यापकाला लिहायचं मेल

आरएसाठी आधी मेल करायला हरकत नाही, चांगलंच. फक्त "रिस्पेक्टेड सर, आपल्या नामांकित विद्यापीठात" अशी सुरुवात केलीत की पुढचं कोणी वाचत नाही. असली मेलं त्यांना दिवसाला डझनाने येतात. पाच-सहा ओळी पुरेत: मी कोण, मी हातांनी काय केलं आहे, तुमच्या कोणत्या कामाशी त्याचा संबंध लागतो, तुम्ही पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का.

'हातांनी काय केलं' इथे गोव्याची मुलं उगाच लाजतात. माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, माझा प्रोजेक्ट साधाच आहे, डिचोलीच्या विहिरींचं पाणी." खाणीलगतच्या विहिरींचे नमुने, पावसाआधीचे आणि पावसानंतरचे, लोह आणि मँगनीज मोजलेलं, आणि एका विहिरीचा आकडा दर वेळी का हलतो याचा छडा लावताना सापडलेली गंजकी मोटर. मी तिला म्हटलं, ही मोटर अर्जात घाल. 'पर्यावरणाची मला लहानपणापासून आवड आहे' असं सगळेच लिहितात, मोटर कोणाकडे नसते. खाजनातली माती, मांडवी-जुवारीच्या मुखातलं पाणी, देवराईतली झाडं: ज्यावर तुम्ही काम केलंत ते नावानिशी लिहा.

शिफारसपत्रं तीन लागतात. देणाऱ्या सरांचा किंवा मॅडमचा कॉलेजचा ईमेल पत्ता असलेला बरा, खासगी पत्त्यावरच्या पत्राकडे काही ठिकाणी संशयाने बघतात. पत्र मागताना आपला प्रोजेक्ट, गुण आणि तारखांचा कागद सोबत द्या, आणि शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधी आठवण करा. नोव्हेंबरात कॉलेजात सेमिस्टरच्या परीक्षा असतात, आम्ही विसरतो.

पत्र आलं: आता पेन्सिल घेऊन बसा

ही पायरी मी सगळ्यात सावकाश करते. त्या संध्याकाळीही आम्ही जेवणाच्या टेबलावर पत्र पसरलं आणि एकेका शब्दाखाली रेघ मारली.

एफटीई म्हणजे पूर्ण नोकरीचा कितवा भाग. पूर्ण नोकरी आठवड्याला ४० तास, म्हणून ०.५० म्हणजे २० तास आणि ०.२५ म्हणजे १०. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. ०.५० ची असिस्टंटशिप घेतली की कोटा संपला, वर ग्रंथालयात पाच तास बसता येणार नाही. कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय तर काहीच नाही, ओळखीच्याच्या हॉटेलात शनिवार-रविवारसुद्धा नाही. तसल्या चार पैशांपायी व्हिसा जातो.

नऊ महिने म्हणजे मे ते ऑगस्ट पगार नाही. पोट मात्र बारा महिने चालतं. उन्हाळ्यात टीए मिळते का, आरए मिळते का, गेल्या वर्षी किती जणांना मिळाली, हे विचारायचं.

मग ट्यूशन. 'पूर्ण माफ', 'पन्नास टक्के माफ' आणि 'बाहेरच्या राज्याचा जादा दर माफ' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिन्ही वाचताना सारख्याच गोड वाटतात. शिवाय ट्यूशन माफ म्हणजे फी माफ नव्हे. तंत्रज्ञान फी, आरोग्य केंद्राची फी, जिमची फी, परदेशी विद्यार्थ्यांची फी अशा बारक्यासारक्या रकमा मिळून सेमिस्टरला काही शे डॉलरपासून हजारावर जातात. आरोग्य विमा कोण भरतं ते वेगळं बघा, कारण तिकडे विम्याशिवाय राहता येत नाही आणि विमा स्वस्त नसतो.

आम्ही मांडलेला हिशेब असा होता, आकडे गोल करून सांगते. वर्षाची ट्यूशन २०,००० डॉलर, पैकी निम्मी माफ, राहिले १०,०००. फी १,२००. विमा १,८००. राहणं-खाणं, काटकसरीने, १४,०००. खर्च झाला २७,०००. असिस्टंटशिपचा पगार वर्षाला ९,०००. म्हणजे घरून घालायचे १८,००० डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी १५ लाखांच्या वर, एका वर्षाला. मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आणि बाबांनी दोन किलो पेढे आणले."

तुलनेला दुसरं पत्र घ्या: ०.५०, नऊ महिने, १८,००० डॉलर, ट्यूशन पूर्ण माफ, विमा विद्यापीठाचा. खर्च १५,२००, पगार १८,०००. घरून काही नको, कर जाऊनही थोडं हातात राहतं. या पत्रावर 'स्कॉलरशिप' लिहिलेलं नसेल आणि पहिल्यावर एखाद्या मोठ्या माणसाच्या नावाचा दोन हजारांचा पुरस्कार असेल, तरी हिशेब बदलत नाही.

नूतनीकरणाचं वाक्यही शोधा. 'पाच वर्षांपर्यंत, समाधानकारक प्रगती असल्यास' आणि 'निधी उपलब्ध असल्यास' यांत पहिलं बरंच बरं. प्रगती म्हणजे बहुधा जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, ३.० च्या खाली न जाणं आणि ठरल्या वेळी पात्रता परीक्षा पास होणं.

विचारायला लाजू नका, आणि १५ एप्रिल

मुलाने दुसऱ्या दिवशी विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला मेल केलं. तीन प्रश्न: दुसऱ्या वर्षी ०.५० होण्याची शक्यता किती, उन्हाळ्यात काय, विमा कोण भरतं. त्याच्या बाबांना धास्ती होती की असं विचारलं तर दिलेलं काढून घेतील. काढून घेत नाहीत. चार ओळींचं सभ्य उत्तर आलं: शक्यता सांगता येत नाही, उन्हाळ्यात जागा कमी, विमा तुमचा.

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी एका ठरावावर सह्या केल्या आहेत, त्याला १५ एप्रिलचा ठराव म्हणतात. आर्थिक मदतीचं पत्र दिलं तर १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती विद्यार्थ्यावर करायची नाही, असं त्यात आहे. कोणी 'तीन दिवसांत कळवा' म्हणालं, तर ते विद्यापीठ सह्या करणाऱ्यांच्या यादीत आहे का ते बघा आणि नम्रपणे मुदत मागा. एकाला होकार देऊन ठेवून दुसरीकडे तोंड लावत बसू नका, ते तिकडेही वाईटच दिसतं. नको असलेलं पत्र मात्र लवकर परत करा: तुमच्या नकारामुळे प्रतीक्षायादीतल्या कोणाचं तरी नशीब उघडतं. आमच्या मुलाला १३ एप्रिलला असंच कोणीतरी सोडलेलं ०.५० चं पत्र आलं. पेढे पुन्हा नाही वाटले.

व्हिसा

होकार दिला की विद्यापीठ आय-२० पाठवतं. त्यावर वर्षाचा खर्च आणि तो कुठून येणार हे छापलेलं असतं. असिस्टंटशिपची रक्कम आणि ट्यूशनची माफी त्यात बरोबर आली आहे ना ते पाहा, कमी पडेल तेवढ्याच रकमेचे कागद तुम्हाला दाखवायचे असतात. मग सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, ३५० डॉलर, व्हिसाचे १८५, आणि डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज. गोवा मुंबईच्या वकिलातीखाली येतो. बोटांचे ठसे एका दिवशी आणि मुलाखत दुसऱ्या दिवशी, म्हणून तारखा लागून घ्या, नाहीतर कोकणकन्येच्या दोन फेऱ्या होतात. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसासाठी सोशल मीडियावरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात.

मुलाखतीत अधिकारी विचारेल, पैसे कोण देणार. "स्कॉलरशिप आहे" म्हणू नका. "टीचिंग असिस्टंट आहे, आठवड्याला २० तास, ट्यूशन माफ," असं म्हणा. एका वाक्यात त्याला सगळं कळतं. लग्न झालेलं असेल तर एक लक्षात ठेवा: एफ-२ वर येणाऱ्या नवऱ्याला किंवा बायकोला तिकडे नोकरी करता येत नाही.

पहिला पगार आणि कर

मी १२ ऑगस्टला पोचले आणि पहिला पगार हातात पडला ऑक्टोबरच्या १ तारखेला. पगार महिनाअखेर निघतो हे पत्रात होतं, मी वाचलं नव्हतं. आणि उशीर झाला तो नावामुळे. माझ्या पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात होतं. विद्यापीठाच्या एका कार्यालयाने वडिलांचं नाव मधलं नाव केलं, दुसऱ्याने ते उडवलं, सोशल सिक्युरिटीच्या कार्डावर तिसरंच आलं, आणि पगाराच्या यंत्राला या तीन बायका वेगवेगळ्या वाटल्या. सात आठवडे मी रूममेटच्या उधारीवर डाळभात खाल्ला. म्हणून सांगते: दीड-दोन महिन्यांचा खर्च घरून सोबत न्या, आणि पहिल्या आठवड्यात प्रत्येक फॉर्मवर नाव पासपोर्टसारखंच आहे ना ते बघा. सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे पगारासाठी लागणारा सरकारी क्रमांक, काढायला विभागाचं नोकरीचं पत्र आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाचं पत्र अशी दोन लागतात. पोचल्यावर दहाएक दिवसांनी जा, तोवर तुमची नोंद सरकारी यंत्रणेत दिसू लागते.

पगारावर कर लागतो. माफ झालेल्या ट्यूशनवर टीए-आरएला लागत नाही. २०१७ मध्ये तो लावायचा प्रस्ताव अमेरिकी संसदेच्या एका सभागृहात मंजूर झाला होता, शेवटच्या कायद्यातून गळला. एफ-१ विद्यार्थ्याच्या पगारातून पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के कापायचे नसतात. पगाराच्या पहिल्या चिठ्ठीवर कापलेले दिसले तर लगेच जाऊन सांगा.

आता भारतीयांच्या फायद्याची गोष्ट, जी कार्यालयातल्या बाईंनाही दरवेळी ठाऊक असतेच असं नाही. भारत-अमेरिका कर कराराच्या २१ व्या कलमानुसार भारतातून गेलेल्या विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजावट, घेता येतं. इतर बहुतेक देशांच्या मुलांना ते मिळत नाही. २०२५ च्या उत्पन्नासाठी एकट्या माणसाला ही वजावट १५,७५० डॉलर आहे. १८,००० पगारावर वजावट न घेता केंद्राचा कर साधारण १,९२० डॉलर होतो, घेतली तर २२५. राज्याचा कर असेल तर तो वेगळा. दरवर्षी १५ एप्रिलपर्यंत १०४०-एनआर आणि ८८४३ हे फॉर्म भरायचे, भारतीय सीनियर गाठून शेजारी बसवून.

कामाचे तास

टीएचं काम बाहेरून सोपं दिसतं. आठवड्यात तीन तासांच्या दोन लॅब, म्हणजे सहा तास झाले, बाकीचे चौदा कुठे जातात? दोन लॅबमध्ये मिळून ४८ मुलं. एका रिपोर्टला दहा मिनिटं धरली तर आठ तास. शंकांसाठी बसणं दोन, टीएंची बैठक एक, तयारी दोन. झाले एकोणीस, आणि अजून एकाही मुलाने "मला ८७ का, ९० का नाही" असं मेल पाठवलेलं नाही. त्या मेलांपासून वाचवते ती रुब्रिक: कशाला किती गुण हे आधीच ठरवून लिहिलेला तक्ता. प्राध्यापकाने दिला नसेल तर मागून घ्या. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकदम तपासा, मग सगळ्यांचा दुसरा. वेळ निम्म्यावर येतो आणि अन्यायही कमी होतो.

आणखी एक. आपल्याकडे निकाल नोटीस बोर्डावर लागतो, वाड्यावर सगळ्यांना सगळ्यांचे गुण पाठ असतात. तिकडे १९७४ चा फेर्पा नावाचा कायदा आहे. मुलाचे गुण त्याच्याशिवाय कोणाला सांगायचे नाहीत, त्याच्या मित्राला नाही, फोन करणाऱ्या आईलाही नाही. तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा दाराबाहेर ठेवून 'आपापला घ्या' म्हणणं हीसुद्धा चूक.

तास २० च्या वर जाऊ लागले तर पहिली तक्रार ही तक्रार नसावी, प्रश्न असावा: "सर, या आठवड्यात तपासणीला चौदा तास लागले, कशाला आधी वेळ देऊ?" बहुतेक प्राध्यापकांना खरंच माहीत नसतं. नाही जमलं तर ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटर, मग विद्यापीठाचा ओम्बड्सपर्सन, म्हणजे तक्रारी ऐकणारा तटस्थ अधिकारी, ज्याच्याशी झालेलं बोलणं गुप्त राहतं. अनेक ठिकाणी संघटनाही आहेत. विस्कॉन्सिन-मॅडिसनची टीएंची संघटना १९६६ पासूनची, तिकडे सगळ्यात जुनी. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सुमारे ४८,००० असिस्टंट आणि संशोधक कर्मचाऱ्यांनी संप केला, तो साडेपाच आठवडे चालला आणि पगार वाढले. संघटना असेल तर करारात तासांची कलमं असतात, ती वाचा. परदेशी विद्यार्थीही सभासद होऊ शकतो.

आरएचं दुखणं वेगळं. तिथे पगाराचं काम कुठे संपतं आणि स्वतःचा प्रबंध कुठे सुरू होतो हे कोणीच सांगू शकत नाही, त्यामुळे तास मोजणं अवघड. तिथे विचारायचा प्रश्न ग्रँटचा: ती कधी संपते, संपल्यावर मी टीएवर जाईन का? दरवर्षी जानेवारीत विचारा. मार्गदर्शकाशी पटेनासं झालं तर विभागाला कळवून बदलता येतो, पहिल्या दोन वर्षांत तर सहज. मात्र दुसरी असिस्टंटशिप हातात आल्याशिवाय पहिली सोडू नका, कारण पगारासोबत ट्यूशनची माफीही जाते.

कुठलंही बोलणं करायला गेलात तरी 'खूप काम असतं' यावर कोणी काही करू शकत नाही, आकडे लागतात. म्हणून निघताना मी त्या मुलाला एक वही दिली आणि रोज रात्री दोन ओळी लिहायला सांगितल्या: काय केलं, किती वेळ. सप्टेंबरात त्याने एका पानाचा फोटो पाठवला. लॅब सहा तास. रिपोर्ट साडेनऊ. शंका दोन. बैठक एक. तयारी एक तास चाळीस मिनिटं. एकूण २० तास १० मिनिटं. आणि समासात, पेन्सिलीने: आज चवथ.